दोनशे ग्रॅमच्या पंख्याने म्हणे वॉरंटी जाते!

आज दुपारी फ्रीज कंपनीच्या माणसाचा फोन आला. "सर, तुम्ही गाडीतल्या फ्रीजला बाहेरून पंखा बसवलाय, त्यामुळे वॉरंटी राहिली नाही." बाबा बाजूलाच झोपले होते म्हणून फोनवर काही बोललो नाही. इथे बोलतो.

आमची जुनी ट्रॅव्हलर, म्हणजे मिनीबस, तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिली आहे. सीटा काढून पलंग, गॅसचा ओटा आणि १२ व्होल्टवर चालणारा कंप्रेसरवाला फ्रीज. गाडीत फ्रीज कशाला, असं नाक मुरडणाऱ्यांसाठी सांगतो: बाबांच्या इन्सुलिनचा साठा २ ते ८ अंशांत ठेवावा लागतो. आणि आमरस. बाबांच्या मते आमरस आधी.

मागच्या मे महिन्यात चंद्रपूरला बहिणीकडे गेलो होतो. परतताना वरोऱ्याच्या आसपास पाहतो तर फ्रीजच्या आतल्या तापमानाचा आकडा १८ अंशांवर. कंप्रेसर एकसारखा घरघरतोय, मध्येच बंद पडतोय, पुन्हा सुरू होतोय, आणि बॅटरी बसत चाललेली. कंपनीला फोन लावला. "गॅस गेला असेल, नागपूरला आणून ठेवा, आठवडा लागेल." न बघताच निदान! शेवटी रस्त्याच्या कडेला एक कूलरवाला दिसला, तिथे थांबलो. मोटारींचं वाइंडिंग करणारा, खस बदलून देणारा माणूस. त्याने फ्रीजच्या मागे हात घातला आणि झटकन बाहेर काढला.

"भाऊ, फ्रीज चांगला हाय तुमचा. मांगं हवाच नाही भेटून राहिली त्याले. कूलर लावून दारं-खिडक्या बंद केल्या तं खोली थंडी होते काय?"

विदर्भातल्या माणसाला याहून जास्त काय समजावायचं? फ्रीज आतली उष्णता उचलतो आणि मागच्या कंडेन्सरवर, म्हणजे उष्णता बाहेर सोडणाऱ्या नळ्यांवर, आणून टाकतो. तिथून ती उडून गेली तर आत गारवा. आमचा फ्रीज कंपनीने दिलेल्या मापाप्रमाणेच प्लायवूडच्या कपाटात बसवलेला होता. मागची गरम हवा कपाटातच घुमत होती, आणि ५५-६० वॅट खाणारा तो बिचारा कंप्रेसर उसंत न घेता राबत होता.

आता खरी चीड ऐका. फ्रीजवर हवामानाचा वर्ग लिहिलेला असतो. एन म्हणजे बाहेर ३२ अंशांपर्यंत, एसटी म्हणजे ३८, आणि सगळ्यात वरचा टी, उष्ण कटिबंधासाठीचा, तो ४३ अंशांवर संपतो. ४३! आमच्याकडे ४३ झालं की लोक म्हणतात, आज जरा बरं आहे. नागपुरात २०१३ च्या मे महिन्यात पारा ४७.९ वर गेला होता. म्हणजे विकताना आम्ही चालतो, पैसे आमचे चालतात, ऊन मात्र आमचं चालत नाही.

"मेमध्ये फिरताच कशाला?" हेही आज ऐकवलं गेलं. अरे, पोरांना सुट्ट्या तेव्हाच, आणि शेती करणारा माणूस मृगाच्या आधी नाही फिरणार तर काय पेरणी सोडून फिरेल?

असो. जरा पाणी पिऊन आलो.

त्या कूलरवाल्याने केलं ते इतकंच. कपाटाच्या खालच्या बाजूला भोक पाडून जाळी लावली. वरच्या बाजूला दुसरं भोक, त्यावर जुन्या कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमधला १२ व्होल्टचा १२० मिलिमीटरचा पंखा, गरम हवा बाहेर ओढणारा. गरम हवा वर जाते, तिला उलटं ढकलायचं नाही, हे त्याने दोनदा बजावलं. मग चष्मा कपाळावर सरकवून कंप्रेसरच्या कंट्रोलरकडे, म्हणजे त्याला चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डबीकडे, बोट दाखवलं: "हे पाहा, पंख्याची पिन हाय इथं." आहेच! अशा बऱ्याच कंप्रेसरच्या कंट्रोलरवर पंख्यासाठी जोडणी मुळातच दिलेली असते. कंप्रेसर सुरू झाला की पंखा सुरू, तो थांबला की पंखाही थांबतो. पंखा खातो जेमतेम दोन-तीन वॅट. पैसे मागायला तो लाजला नाही, पाचशे घेतले. घ्यावेच. नागपूर येईपर्यंत आकडा ७ वर होता.

मग मला सांगा, बनवणाऱ्याने पिन देऊन ठेवली, विकणाऱ्याने पंखा दिला नाही, आणि आम्ही तो लावला तर वॉरंटी आमची जाणार?

हो, कोणीही उठून वायरी जोडाव्यात असं नाही, गाडी पेटू शकते. वायरीला फ्यूज हवाच. आणि गॅसच्या ज्योतीवर चालणाऱ्या फ्रीजच्या मागे तर स्वतः हात घालूच नका. तेवढं कंपनीचं खरं. गाडी भर उन्हात उभी केली तर पंखाही काही करू शकत नाही, तिथे कडुनिंबच लागतो.

पण त्या कूलरवाल्याने हात घालून पाहिलं हो. फोनवरच्या एकानेही "मागे हवा खेळते का?" एवढंसुद्धा विचारलं नाही.

ज्यांना लावायचा आहे त्यांनी बॉल बेअरिंगचा पंखा घ्या, उन्हात जास्त टिकतो. खालच्या जाळीत धूळ आणि कापसाचे तंतू अडकतात, ती महिन्यातून एकदा ब्रशने झाडा. कापसाच्या जिनिंग कारखान्यासमोर गाडी उभी राहत असेल तर दर आठवड्याला.