विड्रॉल

छापायचे साडेतीन हजार रुपये आणि न छापायचे शंभर डॉलर. म्हणजे त्या दिवशीच्या भावानं साडेआठ हजारांच्या वर. हा हिशेब मी तीनदा वाचला, चष्मा पुसून चौथ्यांदा वाचला.

मागची हकीकत थोडक्यात सांगतो, कारण तिच्यात माझा गाढवपणा आहे आणि तो लांबवण्यात मला रस नाही. वरुड तालुक्यातल्या एका गावच्या कॉलेजात मी अर्थशास्त्र शिकवतो. प्रमोशनच्या फायलीत संशोधनाचा एक छापील पेपर कमी पडत होता. व्हॉट्सॲपवर एका जर्नलची, म्हणजे संशोधन छापणाऱ्या नियतकालिकाची, जाहिरात आली, मी पेपर पाठवला, छत्तीस तासांत स्वीकृतीपत्र हजर. सोनेरी किनारीचं, 'रिस्पेक्टेड मॅडम' अशी सुरुवात असलेलं. परीक्षकाचा अभिप्राय तीन शब्दांचा, 'पेपर इज नाइस'. मग उशिरा अक्कल सुचली आणि त्यांचा मागचा अंक उघडून पाहिला. हृदयाची शस्त्रक्रिया, तुकोबांचे अभंग आणि सिमेंटची मजबुती एकाच अंकात गुण्यागोविंदानं नांदत होती. मी कळवलं, पेपर मागे घेतो. त्यांनी कळवलं, लेटरहेडवर अर्ज करा, सगळ्या लेखकांच्या सह्या घ्या आणि शंभर डॉलर 'विथड्रॉवल फी' भरा. तोवर पेपर त्यांच्या ताब्यात. दुसरीकडे पाठवायचीही सोय नाही, कारण एकच पेपर एकाच वेळी दोन ठिकाणी देणं हा आमच्या धंद्यातला मोठा गुन्हा.

सगळे लेखक म्हणजे मी आणि आमचे एक ज्येष्ठ सहकारी. त्यांनी पेपर वाचलेला नव्हता. अर्जावर सही करताना मात्र "चांगला होता हो" म्हणून हळहळले.

अर्ज स्कॅन करायला स्टँडजवळच्या सेतू केंद्रात गेलो. वैशाखाचं ऊन, वरून पत्रे, आणि पंखा होता तो बाहेरची झळ आत सगळ्यांना सारखी वाटून देत होता. एकुलत्या एका खुर्चीवर आबाजी बसलेले. ई-केवायसीला आले होते आणि अंगठा लागत नव्हता. केंद्राच्या पोट्ट्यानं त्यांचा अंगठा ओल्या फडक्यानं पुसला, कोरड्या फडक्यानं पुसला, शेवटी स्वतःच्या केसांतलं तेल लावलं. पन्नास वर्षं कुदळ-विळा धरून गुळगुळीत झालेला अंगठा. यंत्र ओळख द्यायला तयार नाही.

"सरचं काय अडलं?" आबाजींनी पोट्ट्याला विचारलं.

"सरचं विड्रॉल हाय."

"किती काढून राहिले?"

मी म्हटलं, काढत नाही हो, एक लेख मागे घेतोय. त्याचेच साडेआठ हजार मागताहेत.

आबाजींनी अंगठा यंत्रावरून उचलला. मागे रांगेत पासबुक घेऊन एक बाई उभी होती, तिला साक्षीला काढलं. "बाई, तू सांग. ब्यांकेत विड्रॉल केलं तं पैसे येते का जाते?"

"येते," बाई म्हणाली.

"मंग सरचे काहून जाते?" आणि पोट्ट्याला, "वाच बरं ते. मराठीत वाच."

पोट्ट्यानं जर्नलच्या पत्राचं मोबाइलनं मराठी केलं आणि खणखणीत आवाजात सुरू केलं, "प्रिय महोदया, आपल्या हस्तलिखिताची माघार..."

"महोदया कोन?"

"मी," मी म्हटलं.

आबाजींनी एकदा माझ्या मिशांकडे पाहिलं. "अन् हस्तलिखित? हातानं लिवलं काय एवढं?"

"टाइप केलं."

"म्हंजे दोन गोठी सांगतल्या, दोन्ही खोट्या." रांगेतली बाई हसली. माझ्या वर्गातला एक मुलगा दारात उभा होता, तोही हसला. या क्षणी पैसे भरून मोकळं व्हावं असं मला फार वाटलं. "पेपर हाय कायच्यावर?"

हा प्रश्न येऊ नये असं मनापासून वाटत होतं. पेपरचं नाव होतं 'वरुड तालुक्यातील संत्रा बागांच्या सौद्यांतील इसार पद्धती'. चौदा बागायतदारांच्या मुलाखती घेतल्या होत्या. व्यापारी झाडावरचा बहार पाहून इसार देतो, पुढे फळगळ लागली की त्याचा फोन बंद होतो, आणि शेतकरी खाली पडलेल्या फळांकडे पाहत बसतो, असा एकंदर निष्कर्ष. आबाजींचीच दोनशे झाडं. ते खुर्चीत सरसावून बसले.

"इसार कोन देते सर?"

"घेणारा."

"यानं तुमाले किती देल्ला?"

"काहीच नाही."

"माल तोडला?"

"नाही."

"मंग सौदाच नाई झाला. बाग तुमची, झाडं तुमची, पानी तुमी देल्लं. अन् आपला संत्रा आपल्याच घरी न्याचे पैसे तुमीच भराचे? हे शिकोता काय तुमी पोट्ट्याइले?" मग जरा थांबून, "हे इसाराचं नाई सर. हे कोंडवाड्याचं हाय. ढोर दुसऱ्याच्या वावरात गेलं, त्यानं कोंडलं, आता दंड भरा अन् सोडवा."

"पण आबाजी, तिथं नेऊन मीच दिलं ना."

"मंग कोंडवाड्यात ढोर नाई. तुमीच हाय."

हसू आलं, पण घशातच राहिलं. कारण हा कोंडवाडा बांधला कोणी? २०१० साली यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, आमची किंमत गुणांत मोजायला घेतली आणि पेपर हे बारमाही पीक झालं. २०१७ ला मान्यताप्राप्त जर्नलांची यादी आली. २०१८ च्या मे महिन्यात तिच्यातली ४,३०५ नावं एका फटक्यात उडवली. म्हणजे त्याआधी ती तिथं होती, आणि लोकांनी त्यांत छापून घेतलं होतं. २०१९ ला 'केअर' नावाची नवी यादी आली, २०२५ च्या फेब्रुवारीत तीही बंद. आता कॉलेजांनी आणि शिक्षकांनीच पारख करायची. मी पारख केली ती आयएसएसएन, म्हणजे नियतकालिकाचा ओळख-क्रमांक, पाहून. तो नंबर आपल्याकडे फुकट मिळतो, आणि त्यानं नियतकालिकाची ओळख पटते, लायकी नाही. जर्नलला ओळख फुकटात मिळाली. आबाजी दोन तास अंगठा घासत होते.

आमच्याकडे सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, शिकवणारा एक पोरगा आहे. प्राध्यापकीची नेट परीक्षा पास. तासाचे पैसे मिळतात, तेही महिनोन्‌महिने थकून. त्यानं अशाच एका ठिकाणी दोन पेपरांचे पैसे भरले, मुलाखतीत गुण कमी पडू नयेत म्हणून. मागे घेण्याचा विचार त्याच्या मनालाही शिवला नाही. माझा पगार एक तारखेला होतो म्हणून मला तत्त्वं सुचतात, एवढं मला कळतं. कळून करायचं काय, ते कळत नाही.

फी मी भरली नाही. अर्ज तेवढा पाठवला. आज सकाळी 'अंतिम सूचना' आली. प्रिय महोदया, आज रात्री बारापर्यंत भरल्यास पन्नास टक्के सूट.

दुपारी सेतू केंद्रावरून जाताना आत डोकावलो. आबाजी त्याच खुर्चीवर. चौथी खेप.

"शंभराचे पन्नास झाले आबाजी."

"पाहा," ते म्हणाले, "फळगळ लागली त्याच्या भावाले. घाई नका करू. मिरुग लागू द्या."

आणि पोट्ट्यानं त्यांचा अंगठा पुन्हा यंत्रावर दाबला.