म्हणे, सवय व्हावी लागते!

सकाळपासून एकच रील चार ठिकाणांहून आली. कुठल्याशा ‘हवं तेवढं खा’ सुशीच्या हॉटेलात आपला एक मराठी मुलगा पहिल्यांदा सी-अर्चिन (काटेरी चेंडूसारखा समुद्री प्राणी) खातो. तोंडात टाकतो, दोन सेकंद थांबतो, चेहरा कसनुसा होतो आणि सगळं टिश्यूत. मागून वेटर हसत सांगतो, ‘पहिल्यांदा असंच होतं सर, सवय व्हावी लागते.’ खाली हसून लोळणारे शेकडो चेहरे आणि ‘लोक पैसे देऊन काय वाट्टेल ते खातात’ छापाच्या कमेंटी.

पोरगा थुंकला ते बरोबरच केलं. डोकं फिरलं ते वेटरच्या वाक्याने.

ती रील तोंडात घास जायच्या आधी थांबवा आणि बशी बघा. भाताच्या मुटक्याभोवती नोरीची (वाळवलेल्या समुद्री शैवालाच्या कागदाची) पट्टी, तिच्यावर उनी (जपानीत सी-अर्चिनच्या खायच्या भागाला हेच म्हणतात). रंग मळकट तपकिरी, कडा वितळलेल्या, खाली पिवळट पाण्याचं थारोळं. नोरी भिजून भाताला चिकटलेली. असं पापलेट समोर आलं तर आपण काय करू? कल्ले उघडून, बोटाने दाबून बघितल्याशिवाय कोळणीच्या हातावर रुपया ठेवत नाही आपण. पण हॉटेलात मंद दिवे आणि जपानी नाव असलं की सगळी अक्कल पार्किंगमध्ये ठेवून आत जायचं.

या प्राण्याच्या कवचात पाच पिवळ्या-केशरी पट्ट्या असतात, त्याच खायच्या. लोक त्यांना अंडी समजतात, पण त्या जननग्रंथी आहेत, नराच्याही आणि मादीच्याही. फार नाजूक. प्राणी फोडला की थोड्याच वेळात त्यांच्यातलेच एन्झाइम पेशी फोडू लागतात आणि पट्टी पाझरून आकार सोडते. हे थांबवायला तिला तुरटीच्या पाण्यात बुडवतात. हो, तीच तुरटी, न्हाव्याकडची. जपानीत म्योबान. तुरटीने प्रथिनं घट्ट होतात, पट्टी ताठ राहते आणि लाकडी ट्रेमध्ये छान रांगेत लावता येते. प्रमाण जास्त झालं किंवा माल जुना झाला की जिभेच्या मागच्या बाजूला एक धातूसारखा कडवटपणा बसतो आणि पाणी पिऊनही जात नाही. पहिल्यांदा खाणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना ‘उनीची चव’ म्हणून आठवते ती हीच. आता सांगा, याची सवय कशासाठी करून घ्यायची?

बरं, तुरटी लावलेली प्रत्येक उनी वाईट नसते, नामांकित ट्रेही तुरटीचे असतात. मान्य. पण तिथे हात जपून चालवलेला असतो.

रीलमधल्या त्या थारोळ्याचं कारण बहुधा वेगळं. बुफेत परवडते ती फ्रोझन उनी. गोठताना बर्फाचे कण पेशी फोडतात आणि वितळली की सगळं पाणी खाली. उनी वाईट लागायचं तिसरं कारण मोसम. बीज सोडायची वेळ जवळ आली की पट्टी सैल पडते, तिच्यातून दुधासारखा द्रव गळतो आणि चव बिघडते. उत्तर जपानमधल्या होक्काइडो बेटावरच्या शाकोतानला उनी खायला जून ते ऑगस्टमध्येच गर्दी होते ती यामुळेच. भूमध्य समुद्रातल्या सी-अर्चिनचा हंगाम याच्या उलट, हिवाळ्यातला.

आणि चौथं, त्या प्राण्याने काय खाल्लं. कोम्बूसारख्या समुद्री शैवालावर पोसलेला गोड लागतो. उपाशी असला तर आत काहीच नसतं. कॅलिफोर्नियाच्या उत्तर किनाऱ्यावर २०१३ नंतर तारामाशांच्या रोगाने सूर्यफूल तारामासा जवळजवळ संपला. त्याचं भक्ष्य असलेले जांभळे सी-अर्चिन बेसुमार वाढले, त्यांनी शैवालाची जंगलं फस्त केली. आता ते वर्षानुवर्षं उपाशी जगतात, फोडले तर आत पोकळ. त्यांना पकडून, टाक्यांत शैवाल खाऊ घालून भरवायचे प्रयोग चालू आहेत.

म्हणून टेबलावर काटे हलणारं जिवंत सी-अर्चिन आलं की लगेच हुरळून जाऊ नका. व्हिडिओ झकास होतो, पण आत काय निघेल ते उघडेपर्यंत कळत नाही. तोंडाच्या बाजूने कात्रीने गोल कापायचं, आतलं पाणी ओतून द्यायचं, काळपट आतडी काढायची आणि चमच्याने पट्ट्या अलगद उचलायच्या. धुवायच्या त्या मिठाच्या पाण्यात, लिटरला साधारण ३० ग्रॅम मीठ. नळाच्या साध्या पाण्यात धुतल्या की पाणी आत शिरून लगदा होतो. काही ठिकाणी नेमकं हेच करतात आणि वर लिंबू पिळून देतात.

मग पहिल्यांदा खायची कशी? जपानमध्ये असाल तर ‘मुतेंका’ म्हणजे काहीही न घातलेली, किंवा ‘एन्सुई उनी’ म्हणजे मिठाच्या पाण्यात ठेवलेली मागा. एन्सुई असेल तर वाढण्याआधी चाळणीत नीट निथळलेली हवी, नाहीतर नुसती खारट लागते. ‘उनी वा दोको नो देसु का?’ एवढं विचारता आलं तरी पुरे, कुठली आहे ते कळतं. जाती मुख्य दोन: एझो-बाफुन गडद केशरी, चवीला जोरकस. मुरासाकी फिकट पिवळी, सौम्य. पहिल्या वेळी मुरासाकी बरी. आपल्याकडे मुंबईत ती बाहेरून विमानानेच येते, तेव्हा माल कोणत्या वारी येतो ते विचारा आणि त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी जा. उत्तर देता आलं नाही तर काकडीचा रोल मागवा.

आणि एकच तुकडा. वाडगाभर ‘उनी-दोन’ (भातावर पसरलेली उनी) पहिल्याच दिवशी कशाला? पांढरे मासे आधी खाऊन घ्या, उनी त्यानंतर. समोर आली की आधी बघा: पट्टी सुटी, कोरडी, कडा स्पष्ट, पृष्ठभागावर बारीक दाणे दिसायला हवेत. वास समुद्राचा चालेल, अमोनियाचा अजिबात नाही. सोयाचे दोन थेंब वरून, बुडवायचं नाही. बुडवलं की नोरी मऊ पडते आणि उनी वाटीत सांडते. आल्यापासून मिनिटाभरात, एका घासात. जीभ टाळूला दाबायची, चावायची घाई नाही. आधी खारटपणा येतो, मग गोडी, मग तोंडभर पसरणारी खोल चव. पोत घट्ट सायीसारखा. गोडी ग्लायसीन आणि अ‍ॅलानिनची, खोली ग्लुटामेटची, आणि तिच्या त्या खास चवीत मेथिओनिन या अमिनो आम्लाचा मोठा वाटा. घास गिळल्यावर मागे कडू काही राहता कामा नये.

हे सगळं नीट असूनही कुणाला नाहीच आवडली, तर नाही आवडली. मऊ, गिळगिळीत पोत काहींना जन्मात चालत नाही. त्यात कमीपणा काही नाही, आणि ‘तुला चवच कळत नाही’ म्हणणाऱ्या जाणकारांचा मला त्या वेटरपेक्षा जास्त वैताग येतो.

कच्चं नकोच असेल त्यांच्यासाठी जपानमधल्या आओमोरीच्या हाचिनोहेकडचं ‘इचिगो-नी’ आहे, उनी आणि अबालोनचं (एक समुद्री गोगलगाय) पातळ सूप. किंवा इटलीतली स्पॅगेटी: गॅस बंद केल्यावर, पास्त्याच्या उष्णतेवरच उनी कालवायची. आचेवर ठेवली की फुटून रवाळ होते. इटलीतही बेतानेच मिळते, पुल्या प्रांताने अति पकडीमुळे २०२३ मध्ये तीन वर्षांची बंदी घातली होती.

गरोदर बायका, यकृताचा आजार असलेले, प्रतिकारशक्ती कमी असलेले यांनी कच्ची खाऊ नये. हे रीलमध्ये कुणी सांगत नाही. कोळंबी-खेकड्याची अ‍ॅलर्जी असेल तर हा प्राणी वेगळ्या गटातला आहे (दहावीच्या पुस्तकातला कंटकचर्मी आठवा), पण उनीचीही स्वतंत्र अ‍ॅलर्जी असू शकते, म्हणून आधी डॉक्टरांना विचारा आणि ऑर्डर देताना हॉटेलला सांगून ठेवा.

त्या पोराचं आता वाईटच वाटतंय. एवढ्या हौसेने गेला बिचारा. कुणी ओळखत असेल तर हे वाचायला द्या, टॅग करून चिडवू नका.

आणि हो, जपानमध्ये मेनूवर उनीसमोर आकड्याऐवजी ‘जिका’ लिहिलेलं असेल तर किंमत रोजच्या बाजारभावाने बदलते. ऑर्डर द्यायच्या आधी सरळ विचारा, तिथली माणसंही विचारतात.