लेवीयाच्या पुस्तकात कावळा कधी शिवला?

गेल्या रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजन होतं, म्हणजे येशूच्या नावानं भाकर मोडून वाटण्याचा विधी. ताईची मुलगी अकरावीत आहे, उपासनेत गाणाऱ्यांच्या पहिल्या रांगेत असते. त्या दिवशी ती बाहेरच्या पायरीवर बसली होती, गाड्या लावतात त्या बाजूला, गीतपुस्तक मांडीवर मिटून. काय झालं विचारलं तर तिनं काही न बोलता मोबाईल पुढे केला. आजीनं, म्हणजे ताईच्या सासूबाईंनी, पाठवलेला मेसेज. ‘चर्च हे देवाचं मंदिर आहे. नियमशास्त्र रद्द झालेलं नाही. म्हणून पाळीत बाईनं आत येऊ नये, प्रभुभोजन घेऊ नये (लेवीय 15:19). शब्बाथ शनिवारीच पाळावा. डुकराचं मांस खाऊ नये. दशमांश न देणारा देवाला लुटतो. दहा जणांना पाठवा.’

आमच्या मंडळीत तो दहाच काय, शंभर जणांना गेलाय.

नियमशास्त्र म्हणजे बायबलच्या जुन्या करारातले मोशेचे नियम, आणि लेवीय हे त्यातलं एक पुस्तक. आधी पाळीचं बघू. लेवीय 15 मेसेजवाल्यानं 19 व्या वचनापासून उघडलाय. पहिली 18 वचनं कुठे गेली? ती पुरुषांबद्दल आहेत. पुरुषाच्या शरीरातून स्राव झाला, वीर्यपात झाला, तर तोही अशुद्ध. वीर्यपात झाला तर आंघोळ करून संध्याकाळपर्यंत थांबायचं, स्राव असेल तर तो थांबल्यावर सात दिवस. नवरा-बायको एकत्र आले तर दोघंही संध्याकाळपर्यंत अशुद्ध. ही वचनं लावून रविवारी सकाळी दारात कोणी चौकशी करतं का? पाळीतली बाई ज्यावर बसली त्याला हात लावणाराही त्याच अध्यायात अशुद्ध होतो, म्हणजे पीएमपी बसच्या सीटवर बसायचीसुद्धा चोरी. आणि गणना 19 प्रमाणे प्रेताला शिवणारा सात दिवस अशुद्ध. मयतीत पेटीला खांदा देणारे, प्रेताला आंघोळ घालणारे आमचे वडीलधारे त्याच आठवड्यात पहिल्या बाकावर बसतात. त्यांना कोणी पायरीवर बसवत नाही. बसवूही नये.

आता नव्या करारातलं मार्क 5. बारा वर्षं रक्तस्राव होणारी बाई गर्दीत मागून येऊन प्रभू येशूच्या वस्त्राला शिवते. लेवीयाच्या हिशेबानं तिनं त्याला विटाळलं. तो काय करतो? तिला सगळ्यांसमोर पुढे बोलावतो आणि ‘मुली’ म्हणतो. आंघोळीला जात नाही. तसाच याईर नावाच्या माणसाच्या घरी जातो आणि त्याच्या मेलेल्या पोरीचा हात धरतो. एका दुपारी दोन विटाळ! ज्याच्या नावानं आपण प्रभुभोजनाची भाकर मोडतो त्यानंच हे केलं, आणि त्याच भाकरीपासून पोरीला लांब ठेवायचं?

मला विचाराल तर हे लेवीयातून आलेलंच नाही. सासूबाई स्वतः लहानपणी ओसरीच्या कोपऱ्यात चार दिवस वेगळं ताट घेऊन बसलेल्या आहेत. ‘कावळा शिवला’ म्हणायचे. बाप्तिस्मा झाला, कावळा राहिला. आता त्याला वचनाचा क्रमांक चिकटवलाय, एवढंच. विटाळाच्या बाबतीत पुणं तसंही जुनं आहे. 1890 साली पंचहौद मिशनमध्ये, म्हणजे ख्रिस्ती लोकांकडे, चहा घेतला म्हणून टिळक-रानड्यांवर ग्रामण्य झालं होतं, धर्म बाटला म्हणून बहिष्काराची चौकशी. तेव्हा विटाळ आमच्या चहाचा होता. आता आम्हीच आमच्या पोरींचा धरायला लागलो.

‘चर्च म्हणजे मंदिर’ हेही तसंच. यरुशलेमेतलं मंदिर रोमी सैन्यानं इ. स. 70 मध्ये पाडलं, आणि त्याबरोबर यहुद्यांचे बळीही थांबले. आपल्या पुण्याच्या कॅम्पातलं लाल देऊळ, म्हणजे यहुद्यांचं सिनेगॉग, 1867 चं. तिथे यज्ञवेदी नाही, प्रार्थना होते. ‘तुम्ही देवाचं मंदिर आहात’ असं प्रेषित पौल करिंथकरांना लिहितो ते माणसांना, विटांना नाही. मग ती पोर पायरीवर बसली तेव्हा मंदिर आत होतं की बाहेर?

एक कबूल करावं लागतं, नाइलाजानं. नियमशास्त्र मोडायला आलो नाही असं प्रभूच म्हणाला. त्याचे शिष्य पेत्र-योहान त्याच्यानंतरही मंदिरात प्रार्थनेला जात होते, आणि पौलानं यरुशलेमेत शुद्धीकरणाचा विधी केला (प्रेषितांची कृत्ये 21). खरं आहे. पण ते जन्मानं यहुदी होते. आपल्यासारख्या परराष्ट्रीयांचं काय, यावर यरुशलेमेत सभा भरली, कडाक्याचा वाद झाला, आणि निकाल प्रेषितांची कृत्ये 15 मध्ये लिहिलाय: मूर्तीचा नैवेद्य, रक्त, गुदमरून मारलेलं आणि जारकर्म, एवढं टाळा. चारच गोष्टी. पाळी त्यात नाही, शनिवार नाही, डुक्करही नाही.

शनिवार आणि डुकराचं उत्तर तिथेच झालं. ज्याला खायचं नाही त्यानं खाऊ नये. सासूबाई नाहीतरी मटणच करतात.

दशमांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग, मंदिराची सेवा करणाऱ्या लेवींसाठी होता, आणि दर तिसऱ्या वर्षीचा परदेशी, अनाथ, विधवा यांच्यासाठीही (अनुवाद 14). मेसेजवाल्याला तो अध्याय सापडलेला दिसत नाही.

हे सगळं मी काल सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या बराच वेळ चष्मा पुसत बसल्या. मग म्हणाल्या, “मग आम्हाला कशाला बसवलं गं?” मला उत्तर देता आलं नाही.

येत्या रविवारी भाची गाणाऱ्यांत दिसली नाही, तर त्या शंभर जणांना लेवीय 15 ची पहिली 18 वचनं पाठवणार आहे. माझ्या आवाजात, ऑडिओ करून.