ससा चोर आहे, तरी नायक आहे

पीटर रॅबिटची गोष्ट वाचून झाली की ‘म्हणून आईचं ऐकावं हं’ असं पदरचं जोडणाऱ्या सगळ्या आईबापांना आणि शिक्षकांना हात जोडून विनंती: नका जोडू. ही गोष्ट लिहिणाऱ्या आणि तिची चित्रं काढणाऱ्या इंग्रज लेखिका बिअट्रिक्स पॉटरबाईंनीच जोडलेलं नाही.

गोष्ट साधी. आई पिल्लांना बजावते, मॅकग्रेगरच्या मळ्यात जाऊ नका, तुमचे वडील तिथे गेले आणि मॅकग्रेगरच्या बायकोने त्यांचं सारण करून भाजलं. हे पहिल्या दोन-तीन पानांत, आणि अगदी शांतपणे! पीटर तरी जातो. लेट्यूस, फरसबी, मुळे हादडतो. मग कोबीची रोपं लावणारा मॅकग्रेगर दाताळं घेऊन ‘चोर, चोर’ ओरडत मागे लागतो. पळताना पीटरचे बूट जातात, निळा कोट जातो. घरी आल्यावर त्याला कॅमोमाईल नावाच्या फुलांचा काढा मिळतो, शहाण्या बहिणींना दूध, पाव आणि ब्लॅकबेरी. कुणी म्हणेल, हीच की शिक्षा! असेल. पण पंधरा दिवसांत हरवलेला हा त्याचा दुसरा कोट, असंही बाई जाता जाता सांगून टाकतात. म्हणजे सुधारण्याची आशा किती ते बघा. पुढे १९०४ च्या पुस्तकात तो नात्यातल्या बेंजामिन नावाच्या भावाबरोबर कपडे आणायला परत त्याच मळ्यात शिरतो.

माझ्या भावाचं वावर शिरपूर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी. मका, केळी. रानडुकरांना भिऊन बांधाला जुन्या साड्या बांधलेल्या, तरी रात्री राखणीला जावं लागतंच. भाच्याला मी ही गोष्ट वाचून दाखवली. पीटर जाळ्यात अडकतो तिथे तो श्वास रोखून बसला होता. सुटला तेव्हा टाळ्या वाजवल्या. आणि मग म्हणाला, “पन फुई, वावर तं मॅकग्रेगरनं शे ना?” (पण आत्या, शेत तर मॅकग्रेगरचं आहे ना? ही आमची अहिराणी.)

पुण्यातल्या मुलाला हा प्रश्न पडेल का, मला शंका आहे. आमच्याकडच्या पोराला डुकरांनी झोपवलेला मका माहीत असतो आणि बापाचा दुसऱ्या दिवशीचा चेहराही. त्याला ससाही हवा असतो आणि पीकही. हा घोळ त्याच्या डोक्यात तसाच राहू द्यावा, असं माझं ठाम मत आहे. तात्पर्य सांगितलं की तो प्रश्न तिथेच मरतो.

आणि चित्रं! मॅकग्रेगर पीटरच्या कोटाचं आणि बुटांचं बुजगावणं करतो, ते चित्र भाचा किती वेळ बघत होता. कोट घातला तरी ससा सशासारखाच दिसतो, कारण बाई घरात ससे पाळून, बघून चित्रं काढायच्या. मूळ गोष्ट १८९३ साली एका आजारी मुलाला लिहिलेल्या सचित्र पत्रातली. प्रकाशकांनी नाकारली म्हणून १९०१ मध्ये २५० प्रती स्वतःच्या पैशाने छापल्या. १९०२ मध्ये फ्रेडरिक वॉर्न या प्रकाशकाने रंगीत काढली. पुस्तक लहान हातात मावेल एवढं आणि स्वस्त असावं, हा बाईंचा हट्ट. म्हणून सगळ्या २३ गोष्टींचा तो विटेएवढा ग्रंथ मला आवडत नाही. मांडीवर ठेवला तर पोराचे पाय दुखतात. वडिलांचं मरण गाळून केलेल्या गुळगुळीत आवृत्त्या तर घेऊच नका. मेलेलं जनावर आपल्या पोरांनी बांधावर पाहिलेलं असतं.

गंमत म्हणजे बाई पुढे स्वतःच मॅकग्रेगरच्या बाजूला गेल्या! १९०५ मध्ये इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्ट भागातलं हिल टॉप शेत घेतलं, हर्डविक जातीच्या मेंढ्या पाळल्या, जाताना ४,००० एकरांवर जमीन नॅशनल ट्रस्ट या जतन करणाऱ्या संस्थेला दिली.

बाई १९४३ मध्ये गेल्या. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी कॉपीराइट संपतो, म्हणजे मूळ मजकूर आणि चित्रं कधीचीच मोकळी झाली आहेत. अहिराणीत लिहिणारे धुळे, अमळनेर, साक्रीकडचे कितीतरी जण आपल्याकडे आहेत. कविता खूप झाल्या राव, कुणीतरी हा ससा अहिराणीत आणा. तळहाताएवढं पुस्तक, एका बाजूला चित्र, एका बाजूला दोन ओळी. वडिलांचं सारण ठेवा. शेवटी काही जोडू नका. पहिल्या दहा प्रती मी घेते, भावाच्या गावच्या शाळेसाठी.