खुलासा: नऊ पडदे म्हणजे नऊपट स्पष्ट चित्र नव्हे

मालवणातल्या आमच्या ग्रुपवर दोन दिवस एक मेसेज फिरतोय: मांडवात नऊ टीव्ही जोडून केलेल्या भिंतीवर दशावतार 'नऊपट क्लिअर' दिसणार आणि त्यासाठी नऊ लॅपटॉप लागणार. दोन्ही चूक.

लॅपटॉप एकच पुरतो. त्याचा सिग्नल कंट्रोलर नावाच्या उपकरणाकडे जातो, ते चित्राचे तीन बाय तीन तुकडे करतं आणि प्रत्येक पडदा आपला तुकडा ताणून दाखवतो. काही पडद्यांत ही सोय आतच असते. एकातून दुसऱ्यात केबल नेत जायची आणि मेनूत प्रत्येकाची जागा सांगायची. जागा चुकली, की दशावतारातल्या संकासुराची टोपी त्याच्याच पायाखाली!

आता स्पष्टतेचं. कॅमेऱ्याचं चित्र १९२० बाय १०८० ठिपक्यांचं (पिक्सेलचं) असेल, तर एकेका पडद्याच्या वाट्याला त्यातलं ६४० बाय ३६० एवढंच येतं. भिंत मोठी झाली, तपशील तेवढाच. फुल एचडीचे (प्रत्येकी १९२० बाय १०८० ठिपक्यांचे) नऊही पडदे खरोखर भरायचे तर मूळ चित्र ५७६० बाय ३२४० हवं.

आणि मधल्या काळ्या रेघा बिघाड नव्हे, त्या पडद्यांच्या कडा. चित्राचा तेवढा भाग मुद्दाम कडांमागे लपवतात. नाहीतर राजाची तिरकी तलवार मध्येच मोडल्यासारखी दिसते.