बेडरूमचा टीव्ही आणि तो फिरता मेसेज: एकेक मुद्दा तपासून

‘बेडरूमला टीव्ही घेताय? आधी हे वाचा’ असा एक लांबलचक मेसेज सध्या आपल्या बेळगावकडच्या गल्ली-गल्लीच्या ग्रुपवर फिरतोय. शहापूर, वडगाव, अनगोळ, तिकडे खानापूर, निपाणी, सगळीकडे. त्यात सहा गोष्टी ठासून सांगितल्यात. ३२ इंच आता कोणी घेत नाही, निदान ४३ इंच फोरके घ्या. साध्या एलईडीनं डोळे जातात, क्यूएलईडीच घ्या. सीमेपलीकडे शिनोळीला किंवा कोल्हापुरात जाऊन घ्या, महाराष्ट्रात कर कमी. पाच स्टारचाच घ्या, नाहीतर गृहज्योती (कर्नाटक सरकारची मोफत विजेची योजना) हातची जाईल. लोकल असेंबल टीव्हीत आत तेच पॅनेल असतं, नावाला पैसे कशाला? आणि स्टॅबिलायझर लावला की वीज पडली तरी भीती नाही.

मी टीव्ही बसवायचं आणि दुरुस्त करायचं काम करतो. हा मेसेज मी आधी सोडून दिला होता. पण मागच्या आठवड्यात वडगावातल्या एका मावशींनी तो माझ्यापुढे धरला. ‘हे बघ की रे, ह्यात सगळं लिवलंय. तेवढे पैसे नाहीत माझ्याकडं, मग राहू दे म्हणते टीव्ही.’ मागावरच्या मजुरीतून त्यांनी पैसे साठवले होते. गुडघ्यांमुळे हॉलमध्ये फार वेळ बसवत नाही, म्हणून आतल्या खोलीत छोटा टीव्ही हवा होता. त्यांना परवडणारा आणि पुरेसा असा टीव्ही बाजारात होता, आणि या मेसेजनं त्यांना तो घेऊ दिला नाही. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

पहिला मुद्दा सगळ्यात महाग पडणारा आहे, तेव्हा त्यावर जरा जास्त वेळ घेतो. ४३ इंची फोरकेला साध्या ३२ इंचीच्या जवळपास दुप्पट पैसे जातात. त्या जादा पैशात काय मिळतं, हे मी मावशींच्या खोलीतच टेप लावून पाहिलं. खोली दहा फूट बाय नऊ. कॉट लांबीच्या भिंतीला लागून, उशी एका टोकाला, पायांकडची भिंत मोकळी. उशीवर टेकून बसल्यावर डोळे जिथे येतात तिथून समोरच्या भिंतीपर्यंत साडेआठ फूट.

आता हिशेब बघा. नजर ठीक असलेल्या माणसाला अंतराच्या साधारण ३,४०० व्या भागाएवढं बारीक वेगळं दिसतं, त्याहून बारीक असेल तर दोन ठिपके एकच वाटतात. साडेआठ फुटांवरून हे माप येतं पाऊण मिलिमीटर. ३२ इंची एचडी रेडी टीव्हीचा पडदा सुमारे ७१ सेंटिमीटर रुंद, त्यात आडवे १,३६६ ठिपके. म्हणजे एक ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. ४३ इंची फुल एचडीचाही ठिपका जवळपास अर्ध्या मिलिमीटरचाच येतो. फोरकेचा पाव मिलिमीटरचा. तिन्ही पाऊण मिलिमीटरच्या आतच. त्या उशीवरून फोरकेचे जास्तीचे ठिपके मावशींच्या डोळ्यांपर्यंत पोचतच नाहीत. ३२ इंचीत एचडी रेडी आणि फुल एचडी यातला फरक दिसायला तुम्हाला सहा फुटांच्या आत यावं लागतं.

याची दुसरी बाजू मेसेजवाल्यानं विचारातच घेतलेली नाही. आपल्याकडे अजून कितीतरी घरांत केबलचा किंवा डिशचा साधा पॅक आहे, एचडी चॅनेल नाहीत. साध्या चॅनेलच्या चित्रात उभ्या ५७६ च ओळी असतात. त्याच ओळी ३२ इंचाच्या पडद्यावर पसरल्या की एक ओळ ०.७ मिलिमीटरची होते, साडेआठ फुटांवरून ती खपून जाते. ४३ इंचावर ती ०.९ मिलिमीटरच्या पुढे जाते, आणि मग चेहरे पुसट, कडा पाण्यात भिजल्यासारख्या. नवा मोठा टीव्ही लावून दिल्यावर ‘जुन्याच टीव्हीवर चित्र छान होतं की वो’ असं मी कितीदा ऐकलंय. टीव्हीत खोट नसते. त्याला जे चित्र पुरवलंय तेच तेवढं असतं.

म्हणून ४३ इंच घेऊच नका, असं मी म्हणत नाही. खोली बारा फूट लांब असेल, घरात वायफाय असून बहुतेक बघणं ओटीटीवर असेल, किंवा घरातल्या वयस्कर माणसाला बातम्यांखालची पट्टी वाचायला त्रास होत असेल, तर ४३ इंच बेलाशक घ्या. तिथे मोठ्या अक्षरांचा खरा उपयोग आहे. फक्त आधी टेप काढा. उशीपासून भिंतीपर्यंत मोजा, दुकानातल्या झगमगाटात चार फुटांवर उभं राहून ठरवू नका.

उंचीबद्दल मेसेजमध्ये अवाक्षर नाही, पण मला मिळणाऱ्या निम्म्या तक्रारी तिथूनच येतात. टीव्ही घड्याळाच्या उंचीला लावून घेतात. उशीवर टेकून बसल्यावर डोळे जमिनीपासून तीन फुटांच्या आसपास असतात. पडद्याचा मध्य साडेतीन-चार फुटांवर ठेवा, फार तर थोडा वर, आणि पुढे झुकणारं ब्रॅकेट घ्या. मान तर वाचतेच, शिवाय बऱ्याच स्वस्त पॅनेलचं चित्र खालून पाहिलं की पांढुरकं पडतं, तेही टळतं. दुकानात टीव्ही चालू असताना दोन्ही बाजूंनी आणि थोडं खाली वाकून बघा. कॉटवर दोघं झोपणार असतील तर कडेच्या माणसालाही चित्र नीट दिसायला हवं.

डोळ्यांचा मुद्दा. क्यूएलईडी म्हणजे काही वेगळी जात नाही. तोही एलसीडी पडदाच, मागून एलईडीचाच उजेड, मध्ये रंग खुलवणारा एक थर जास्त. डोळ्यांच्या दृष्टीनं एक विषारी आणि दुसरा औषधी, असं त्यात काही नाही. पडद्यातून येणारा निळा उजेड दिवसाच्या उजेडापुढे अगदीच किरकोळ असतो. डोळे चुरचुरतात ते वेगळ्या कारणानं: टक लावून बघताना पापण्या कमी मिटतात, आणि खोली अंधारी असताना पडदा मात्र दुकानातल्यासारखा भगभगत असतो. टीव्ही बसवला की मी आधी चित्राच्या सेटिंगमध्ये जाऊन ‘व्हिव्हिड’ काढतो, ‘सिनेमा’ किंवा ‘स्टँडर्ड’ लावतो, रात्रीसाठी बॅकलाईट निम्म्यावर आणतो. टीव्हीच्या मागे भिंतीवर पडेल असा एक छोटा दिवा लावला तर उत्तम. याला दहा मिनिटं लागतात आणि पैसे जवळजवळ काहीच नाहीत. बेडरूमला फार जास्त ब्राइटनेसचा महाग टीव्ही लागत नाही, ती गरज दुपारच्या उन्हाच्या हॉलची.

आता शिनोळी आणि कोल्हापूर. एके काळी दोन राज्यांत विक्रीकर आणि व्हॅट वेगवेगळे होते, तेव्हा या बोलण्याला आधार होता. वडीलधारी माणसं अजून त्याच हिशेबानं बोलतात, त्यांना दोष नाही. पण १ जुलै २०१७ पासून जीएसटी आहे आणि टीव्हीवरचा दर देशभर एकच. बेळगावच्या गणपत गल्लीत जो कर, तोच शिनोळीला, तोच कोल्हापूरच्या शाहूपुरीत. बदल झाला तो इंचांच्या हिशेबात: आधी ३२ इंचांपर्यंत १८ टक्के आणि त्याहून मोठ्याला २८ टक्के होते, २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या टीव्हीलाही १८ टक्के लागू झाले. कोणी जुन्या दराचा धाक घालत असेल तर बिलावरचा आकडा वाचा. गाडीची गोष्ट निराळी, तिचा रस्ता कर राज्याचा असतो. तीच समजूत टीव्हीला चिकटवली आहे.

दुकानदारानं सणाला सूट दिली तर भाव कमी-जास्त होईल, ती सूट इकडेही मिळते. उलट महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्यातली माणसं खरेदीला बेळगावच्या बाजारात येतात, हे आपण रोज बघतो. लांबून आणताना गाडीभाडं, वाटेत पडदा तडकण्याची भीती, आणि बसवायला माणूस कोण पाठवणार, हे तीन प्रश्न तुमच्या डोक्यावर येतात. कुठूनही घ्या, पण पैसे देण्याआधी कंपनीच्या हेल्पलाईनला आपला पिनकोड सांगून विचारा, सर्व्हिसचा माणूस घरी येतो का. खानापूरच्या आतल्या गावांसाठी हा प्रश्न फार महत्त्वाचा. भांडण झालंच, तर एक गोष्ट लक्षात ठेवा: २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. टीव्ही कोल्हापुरात घेतला म्हणून कोल्हापूरला खेटे घालायची गरज नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा नंबर १९१५.

गृहज्योतीची भीती तर अगदी अनाठायी आहे. ३२ इंची टीव्ही साधारण ४० वॉटचा धरा. रोज चार तास चालवला तर महिन्याला पाच युनिटही होत नाहीत. ४३ इंची ८० वॉटचा धरला तरी दहाच्या आत. योजनेची कमाल मर्यादा २०० युनिटची आहे आणि तुमच्या घराचा फुकट युनिटांचा वाटा २०२२-२३ च्या सरासरी वापरावरून ठरलेला आहे. त्या वाट्याच्या थोडं वर गेलात आणि २०० च्या आत राहिलात, तर फक्त वरच्या युनिटांचे पैसे भरायचे असतात. हेस्कॉमच्या वीजबिलावर आपला वाटा आणि वापर बघून घ्या. वापर १९०-१९५ ला टेकलेला असेल तरच काळजी, आणि तिथेही आधी गिझरकडे बघा. स्टारचं लेबल जरूर वाचा, पण दोन जादा स्टारसाठी चार हजार जास्त मोजू नका.

‘आत तेच पॅनेल असतं.’ यात अर्ध सत्य आहे, म्हणूनच लोक फसतात. काच-पॅनेल बनवणारे कारखाने जगात मोजकेच, बहुतेक चीन आणि तैवानमधले, आणि मोठ्या कंपन्याही त्यांच्याकडूनच घेतात. पण टीव्ही म्हणजे नुसतं पॅनेल नव्हे. माझ्या टेबलावर येणाऱ्या स्वस्त टीव्हींत सगळ्यात जास्त जाते ती बॅकलाईटची पट्टी. आवाज येतो, चित्र नाही, आणि अंधारात मोबाईलचा टॉर्च पडद्यावर धरला की आत माणसं हलताना दिसतात. पट्टीवरचे एलईडी एका माळेत जोडलेले असतात, एक जळाला की पूर्ण माळ विझते. नावाच्या टीव्हीतही हे होतं, पण त्याची पट्टी मॉडेल नंबरावरून मिळते. बिननावाच्या टीव्हीला मी पट्टी कापून, जुळवून बसवतो, आणि ती किती दिवस चालेल याची खात्री देऊ शकत नाही.

तेव्हा टीव्हीच्या पाठीवर बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) खूण आणि आर अक्षरानं सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का ते बघा. टीव्हीला ही नोंदणी सक्तीची आहे, आणि ‘बीआयएस केअर’ ॲपवर तो क्रमांक घातला की कोणाच्या नावावर आहे ते दुकानात उभ्या उभ्या कळतं. पक्कं बिल घ्या, त्यावर मॉडेल आणि सिरीयल नंबर लिहून घ्या. स्मार्ट टीव्ही असेल तर तुम्ही जे ॲप रोज बघणार ते दुकानातच चालवून बघा. स्वस्तातल्या काही टीव्हींना ॲपवाल्यांची मान्यता नसते, तिथे ॲप उघडतं पण चित्र एचडीत येत नाही.

शेवटचा मुद्दा नुसता चुकीचा नाही, धोक्याचा आहे. खानापूरजवळच्या एका घरात वळवाच्या पावसानंतर मला बोलावलं. स्टॅबिलायझर शाबूत, त्याचा दिवाही लागलेला. टीव्ही मात्र बंद. मागचं झाकण काढलं तर पॉवर बोर्ड स्वच्छ होता. जिथे डिशच्या बॉक्सची वायर येते त्या एचडीएमआयच्या खाचेभोवती काळा डाग, आणि शेजारच्या चिपच्या मधोमध टाचणीच्या डोक्याएवढं भोक. झटका पत्र्यावरच्या डिशमधून आला होता, विजेच्या प्लगातून आलाच नव्हता. स्टॅबिलायझर त्याला काय अडवणार?

आजच्या टीव्हीच्या पाठीवर बहुधा १००-२४० व्होल्ट असं लिहिलेलं असतं. तसं असेल तर कमी-जास्त दाबासाठी त्याला वेगळा स्टॅबिलायझर लागत नाही. ते पैसे घराचं अर्थिंग तपासायला वापरा. आणि एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर आभाळ भरून आलं, गडगडायला लागलं की दोन गोष्टी काढा: भिंतीतला प्लग आणि डिशची किंवा केबलची वायर. नुसतं रिमोटनं बंद करून भागत नाही. मात्र वीज डोक्यावर कडाडायला लागल्यावर वायरीला हात घालू नका, आधीच काढा.

जाता जाता भिंतीचंही सांगतो, कारण आपला पाऊस तसा आहे. पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या बाहेरच्या भिंतीला श्रावणापर्यंत ओल चढते, जुन्या मातीत बांधलेल्या चिऱ्याच्या घरांत तर जास्तच. तिथे भोक पाडलं की भुसा कोरडा न येता चिखलासारखा येतो, आणि प्लग धरत नाही. अशा वेळी मी ब्रॅकेट लावतच नाही. आतली मधली भिंत निवडा, ती नसेल तर कपाटावर किंवा स्टुलावर पायांवर उभा करा.

मावशींच्या खोलीत पायांकडची भिंत नेमकी पश्चिमेची निघाली, खाली पोपडे धरलेले. त्यांची जुनी शिलाई मशीन त्याच भिंतीपासून वीतभर पुढे सरकवली. तिच्या फळीवर ३२ इंची एचडी रेडी उभा केला, मध्य बरोबर साडेतीन फुटांवर आला. उरलेल्या पैशातून त्यांनी त्या खोलीचं अर्थिंग करून घेतलं.