हरणाचा रविवार

मराठी माणसाला वारांचं गणित शिकवावं लागत नाही. सोमवार शंकराचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. हे सगळे वार सांभाळून झाले की रविवार उरतो, आणि रविवार मटणाचा. सकाळी नऊ वाजता पिशवी घेऊन रांगेत उभं राहायचं, 'सीना, थोडी चरबी आणि नळी टाका' म्हणायचं, की आठवडा सार्थकी लागला. म्हणजे आपल्याकडे बोकडाच्या जिवाला सगळ्यात जास्त धोका रविवारी.

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात बरोबर उलटं होतं. तिथल्या हरणाच्या आयुष्यात सगळ्यात निर्धास्त वार कोणता, तर रविवार. १८७३ साली कायद्यानं रविवारची शिकार बंद केली आणि पुढची जवळपास दीडशे वर्षं ती बंदच राहिली. रविवार चर्चचा, विश्रांतीचा. हरणं चर्चमध्ये जात नसली तरी विश्रांती त्यांनाही मिळाली.

मी ही बंदी आणि तिच्यातल्या सवलती अनेक वर्षं वाचतोय, आणि आता ठामपणे सांगू शकतो की बंदीचा त्रास कोणालाच नव्हता. म्हणजे राग होता, पण त्रास नव्हता. 'रविवारी शिकार नाही' हे चार वर्षांच्या पोरालाही कळतं. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव कायद्यानं आणि नंतरच्या दुरुस्त्यांनी हौशी शिकारीचा प्रश्नच मिटवला; कोणत्या वारी, किती वाजता, कोणत्या देवळापासून किती अंतरावर, असलं काही विचारायची सोयच ठेवली नाही. डोक्याला ताप सुरू होतो तो सवलतीपासून.

पहिली सवलत तर बंदीच्या काळातच होती. रविवारी हरीण नाही, ससा नाही, खार नाही. पण कोल्हा, कोयोटी (लांडग्याचा तिकडचा धाकटा भाऊ) आणि कावळा चालेल. कावळ्याचं प्रकरण तर स्वतंत्र पोथी होईल इतकं आहे. अमेरिकेत कावळा केंद्र सरकारच्या स्थलांतरित पक्ष्यांच्या नियमात येतो आणि त्याच्या शिकारीला वर्षाला जास्तीत जास्त १२४ दिवस मिळतात. ते सलग वापरले तर हंगाम चार महिन्यांत संपणार. म्हणून पेनसिल्व्हेनियानं काटकसरी गृहिणीसारखी युक्ती काढली: कावळा फक्त शुक्रवार, शनिवार आणि रविवारी. म्हणजे ज्या वारी बाकी जवळपास सगळ्या प्राण्यांना सुट्टी, नेमका त्याच वारी कावळा कामावर. आपल्याकडे पितृपक्षात त्याची वाट बघत ताटकळणाऱ्यांना हे ऐकून वाईट वाटेल.

खरी पंचाईत हरणाची. बंदुकीनं हरीण मारायचा हंगाम १९६३पासून थँक्सगिव्हिंगनंतरच्या, म्हणजे नोव्हेंबरातल्या चौथ्या गुरुवारच्या सणानंतरच्या, सोमवारी सुरू व्हायचा. खेड्यापाड्यातल्या कितीतरी शाळा त्या सोमवारी बंद असत, कारण उघड्या ठेवून उपयोग नव्हता. पोरंच काय, मास्तरही जंगलात. २०१९ साली नोकरदारांची सोय म्हणून हा मुहूर्त शनिवारवर आणला. सोय अशी झाली: शनिवारी हंगाम उघडला, रविवारी बंद, सोमवारी पुन्हा उघडला. मधल्या दिवशी माणसानं डोंगरातल्या लाकडी खोलीत बसून काय करायचं, तर शनिवारी हुकलेल्या हरणाची उंची दर तासाला चार बोटं वाढवत न्यायची.

आणि धनुष्यबाणाच्या हंगामात शनिवारी संध्याकाळी बाण लागून हरीण पळालं तर? हे नीट समजून घ्या, कारण इथे भलेभले चुकतात. बाण फुप्फुसात लागला असेल तर अर्धा तास थांबून माग काढायचा. यकृतात लागला असेल तर तीन-चार तास. पोटात, आतड्यात लागला असेल तर आठ ते बारा तास तिकडे फिरकायचंही नाही. घाई केली तर जखमी हरीण उठून मैलभर जातं आणि हाती लागत नाही. बाण कुठे लागला ते बाणावरूनच कळतं: गुलाबी, फेसाळ रक्त म्हणजे फुप्फुस, गडद, तांबूस काळं म्हणजे यकृत, हिरवट घाण आणि वास म्हणजे पोट. आता शनिवारी संध्याकाळी सहाला बाण हिरवट निघाला तर बारा तास कधी भरतात? रविवारी सकाळी सहाला. आणि पेनसिल्व्हेनियाच्या कायद्यात 'शिकार' या शब्दाची व्याख्या म्हणजे आपल्याकडच्या 'नातेवाईक' या शब्दासारखी आहे. नुसतं मारणं नव्हे, माग काढणं, पाठलाग करणं, दबा धरून बसणं, आवाज काढून बोलावणं, सगळी मंडळी आत. ऑक्टोबरातली उबदार रात्र असेल तर पारा पाच अंशांच्या वर राहतो आणि तोवर मांस खराब व्हायला लागतं. शास्त्र म्हणतं थांबा, मांस म्हणतं चला, आणि कॅलेंडर म्हणतं आज रविवार.

२०१९च्या नोव्हेंबरात अखेर कायदा बदलला. किती बदलला? तीन रविवारांपुरता. एक रविवार धनुष्यबाणाच्या हंगामात, एक बंदुकीच्या, आणि तिसरा तिथलं गेम कमिशन, म्हणजे शिकारीचे नियम ठरवणारं सरकारी खातं, सांगेल तो. पहिल्या वर्षी, २०२० साली, वेळापत्रक असं होतं: १५ नोव्हेंबर, हरीण, धनुष्यानं, २२ नोव्हेंबर, अस्वल, २९ नोव्हेंबर, हरीण, बंदुकीनं. हे पाठ करून जंगलात जाणाऱ्या माणसाबद्दल मला आदर आहे. एका रविवारचा प्राणी दुसऱ्या रविवारी दिसला की त्याला नुसता नमस्कार करायचा.

शिवाय शेतकऱ्यांचा विरोध शांत करायला एक कलम आलं: रविवारी खासगी जमिनीवर शिकार करायची तर मालकाची लेखी परवानगी खिशात हवी. शनिवारपर्यंत 'जाऊ का हो तुमच्या रानात?' 'जा की' एवढ्यावर भागत होतं. रविवारी तोच मालक, तेच रान, तोच माणूस, पण आता कागद. माझा सल्ला असा, की हा कागद ऑगस्टमध्येच करून घ्यावा. मालकाचं नाव, तुमचं नाव, जमीन कुठली, तारखा आणि सही, एवढं पुरतं. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून परवान्यासोबत ठेवावा. नोव्हेंबरच्या पहाटे साडेपाचला शेतकऱ्याचं दार वाजवून सही मागितली तर मिळते ती सही नसते. आणि जमीन चार भावांत वाटलेली असेल तर... पण हे मराठी वाचकाला सांगायला नको.

२०२५च्या जुलैमध्ये मात्र बंदीच उठली. कोणते रविवार उघडे ठेवायचे ते आता गेम कमिशननं ठरवायचं, आणि त्यांनी त्या हंगामासाठी १४ सप्टेंबर ते ७ डिसेंबर असे तेरा रविवार दिले. ज्या प्राण्याचा हंगाम चालू असेल तो चालेल. बदकासारखे काही स्थलांतरित पक्षी सोडून.

बदक का नाही? स्थलांतरित पक्ष्यांच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार बदकांच्या एका जातीच्या शिकारीला वर्षात जास्तीत जास्त १०७ दिवस. ज्या राज्यांत पूर्वीपासून रविवारी बंदी होती त्यांच्या बाबतीत केंद्र सरकारनं उदारपणे सांगितलं, की तुमचे रविवार आम्ही मोजणार नाही. बुडालेले दिवस पुढे घ्या. म्हणजे आपल्या कंपन्यांतल्या सँडविच रजेच्या नेमकं उलट. तिथे शनिवार आणि सोमवारची रजा घेतली की मधला रविवारही कापतात. इथे मधला रविवार परत देतात. आता रविवार उघडला की ही भरपाई गेली. म्हणून बदकांपुरता रविवार जुन्या धर्मात राहिला.

आसपासच्या राज्यांची अवस्था बघितली की पेनसिल्व्हेनिया साधं वाटायला लागतं. व्हर्जिनियात २०१४मध्ये खासगी जमिनीवर रविवार उघडला, सरकारी जमिनीवर २०२२मध्ये; पण प्रार्थनास्थळापासून २०० यार्ड, म्हणजे सुमारे १८३ मीटर, लांब राहायचं आणि हरणामागे कुत्री सोडायची नाहीत. कनेक्टिकटमध्ये २०१५पासून खासगी जमिनीवर, ठरावीक विभागांत, फक्त धनुष्य, तेही रंगाच्या खुणा केलेल्या पायवाटेपासून ४० यार्ड सोडून. मेरीलँडच्या नियमपुस्तिकेत रविवारसाठी वेगळा तक्ताच असतो: काउंटीगणिक रविवार वेगळा, खासगी जमिनीचा वेगळा, सरकारी जमिनीचा वेगळा, आणि काही ठिकाणी तो सकाळी साडेदहालाच मावळतो. प्रत्येक तालुक्याची एकादशी निराळी असावी तसं.

पण माझं सगळ्यात आवडतं राज्य नॉर्थ कॅरोलिना. तिथे २०१५ साली खासगी जमिनीवर बंदूक घेऊन रविवारी जायला मोकळीक मिळाली. फक्त सकाळी साडेनऊ ते दुपारी साडेबारा सोडून. चर्चची वेळ. आपल्याकडे रविवारचा राहुकाळ साडेचार ते सहा. नॉर्थ कॅरोलिनात तो साडेनऊ ते साडेबारा. हरणाला हे ठाऊक नसल्यामुळे ते नऊ बत्तीसला येतं. शिवाय प्रार्थनास्थळापासून ५०० यार्ड, साधारण ४५७ मीटर, दूर राहायचं. आणि प्रार्थनास्थळ म्हणजे फक्त चर्च नव्हे. व्याख्येत देऊळ, मशीद, सिनेगॉग सगळं बसतं, त्यांच्या आवारातल्या इतर बांधकामांसकट. तिकडच्या आपल्या मंडळींनी गणपतीचं देऊळ बांधलं की त्याच्या सगळ्या बाजूंना अर्धा-अर्धा किलोमीटर हरणांना रविवारी अभय. उंदरानंतर बाप्पाकडे हरणाचीही सोय झाली.

मेन राज्यात १८८३पासूनची बंदी अजून शाबूत आहे. २०२१ साली तिथल्या घटनेत आपल्या आवडीचं अन्न पिकवायचा, मिळवायचा हक्क आला. त्यावर बोट ठेवून रविवारच्या बंदीविरुद्ध दावा झाला. २०२४मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं: अन्नाचा हक्क आहे, रविवारी नाही. उपासाच्या दिवशी आई याहून वेगळं काय म्हणते?

आता समजा वार जमला, कागद खिशात आहे. तरी बंदुकीच्या हंगामात पेनसिल्व्हेनियात अंगावर झगझगीत नारिंगी रंग २५० चौरस इंच हवा; डोकं, छाती आणि पाठ मिळून, चारी बाजूंनी दिसेल असा. अंदाजासाठी सांगतो, ए-फोरचे अडीचहून थोडे जास्त कागद. टोपी आणि बंडी घातली की भागतं. हरणाला नारिंगी भडक दिसत नाही, त्याला तो मळकट वाटतो. पण निळा आणि त्याच्या पलीकडचा प्रकाश त्याला माणसापेक्षा चांगला दिसतो. म्हणून ही बंडी 'शुभ्रतेची चमक' देणाऱ्या पावडरीत धुऊ नये. माणसांना दिसावं म्हणून घातलेली बंडी मग हरणांनाही दिसते.

त्यानंतर फाटे मोजायचे. राज्याच्या बऱ्याच भागात नराच्या एका शिंगाला तीन फाटे हवेत, आणि प्रत्येक फाटा किमान एक इंचाचा. पश्चिमेकडच्या काही विभागांत कपाळालगतचा फाटा सोडून वर तीन. हे सगळं पहाटेच्या अंधूक उजेडात, सत्तर मीटरवरून, हलत्या डोक्यावर मोजायचं. हरीण पडलं की हलवण्याआधी परवान्यासोबतची चिठ्ठी भरून त्याच्या कानाला बांधायची. बॉलपेन आतल्या खिशात, अंगाशी ठेवावं. बाहेरच्या खिशातलं थंडीत गोठतं आणि मग माणूस हरणाशेजारी बसून तळव्यावर रेघोट्या मारत राहतो.

आणि २०२५च्या त्या तेरा रविवारांतला एक होता २ नोव्हेंबर. अमेरिकेत घड्याळ एक तास मागे घ्यायची रात्र नेमकी तीच. सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून शिकार चालते. म्हणजे शनिवारी साधारण सातपासून आणि रविवारी साधारण सहापासून. फोन आपोआप बदलतो, मनगटावरचं घड्याळ नाही. त्यात सहा वाजलेले दिसले तर खरे पाचच वाजलेले असतात, आणि पहिला बाण बेकायदा ठरतो.

तेव्हा २ नोव्हेंबरची पहाट डोळ्यांसमोर आणा. घड्याळ बरोबर लावलंय, चिठ्ठी, पेन, मालकाची सही सगळं जागच्या जागी, धनुष्य घेऊन माणूस झाडावरच्या माचाणावर बसलाय. समोर तळं. तळ्यात बदकं: आज नाही. तळ्याकाठी नर हरीण, एका बाजूला तीन फाटे, पूर्ण कायदेशीर. माणूस सावकाश प्रत्यंचा ओढतो. वरच्या फांदीवर कावळा बसलाय. रविवार असल्यामुळे तोही कायदेशीर. कावळा ओरडतो, आणि हरीण जातं.